ध्येय, टप्पे आणि मुक्काम

वजन उतरवणे, स्पर्धा परीक्षा देणे, घराचे कर्ज मुदतीआधी फेडणे, पेटी वाजवायला शिकणे, अर्धवट सुटलेली पदवी पूर्ण करणे. अशी ध्येये ठरवायला एक संध्याकाळ पुरते. ती गाठायला मात्र महिने जातात, कधी वर्षे. या मधल्या काळात नेमके काय करायचे, हे ध्येयाच्या वाक्यात कुठेच लिहिलेले नसते. बहुतेक ध्येये मोडतात ती याच रिकाम्या जागेत, आणि मोडल्यावर दोष इच्छाशक्तीला दिला जातो. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पाचसहा दशकांत या जागेचा बराच बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून दिसते ते असे, की इच्छाशक्तीच्या खात्यावर टाकलेले पुष्कळसे अपयश मुळात हिशेबाचे असते: ध्येयाला माप नव्हते, टप्पे चुकीचे पडले होते, वेळेचा अंदाज फसला होता, किंवा पुढचे पाऊल कधी आणि कुठे टाकायचे हे ठरलेलेच नव्हते.

माप असलेले ध्येय

या अभ्यासाची पायाभरणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांच्या १९६८च्या एका निबंधाने झाली असे मानतात. नेमके आणि काहीसे अवघड ध्येय दिले, तर ‘जमेल तितके चांगले करा’ या सूचनेपेक्षा माणसे अधिक काम करतात, हा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. प्रयोगशाळेतल्या छोट्या कामांपुरते हे खरे असेल, प्रत्यक्षात काय, अशी शंका तेव्हा घेतली गेली. तिचे उत्तर गॅरी लॅथम यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील लाकूडतोडीच्या व्यवसायात शोधले.

ओक्लाहोमात जंगलातून कारखान्याकडे ओंडके नेणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सरासरी ६० टक्केच भरले जात होते. ओंडके लहानमोठे असत आणि जंगलात वजनकाटा नसे. भार जास्त झाला तर दंड, म्हणून चालक अंदाजाने कमीच भरत. ‘जमेल तितका भरा’ असे सांगून काही फरक पडला नव्हता. मग त्यांना एक आकडा दिला गेला: परवानगीच्या ९४ टक्के. तो गाठला तर बक्षीस नाही, चुकला तर शिक्षा नाही, हेही स्पष्ट केले गेले. पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महिन्यात तो ७० टक्क्यांवर घसरला, कारण शिक्षा खरेच होत नाही ना, हे चालक पारखून पाहत होते. तिसऱ्या महिन्यात तो ९० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच टिकला. वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकमध्ये किरकोळ बदल करण्याच्या सूचना चालकांनी स्वतःहून केल्या. लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा अभ्यास १९७५मध्ये प्रसिद्ध केला.

आकडा मिळाल्यावर काय बदलले? चालकांची मेहनत किंवा प्रामाणिकपणा आधी कमी होता असे म्हणायला आधार नाही. ‘जमेल तितके’ या मापात कोणताही भार बसतो; साठ टक्के भरणारा चालकही आपण जमेल तितके केले असे मनापासून म्हणू शकतो. आकड्याने ही सोय काढून घेतली. घरगुती ध्येयांचेही तेच होते. ‘यंदा वाचन वाढवायचे’ हे ध्येय डिसेंबरात पूर्ण झाले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. ‘महिन्याला दोन पुस्तके’ असे ठरवले, तर फेब्रुवारीतच कळते.

पण अवघड आकडा प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडत नाही, आणि लोकप्रिय पुस्तके ही बाजू सहसा सांगत नाहीत. काम नवीन आणि गुंतागुंतीचे असेल, तर सुरुवातीलाच दिलेला आकडा नुकसान करतो. रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी हवाईदलाच्या प्रशिक्षणार्थींना विमानवाहतूक नियंत्रणाचे आभासी काम दिले होते. नियम अजून अंगवळणी पडलेले नसताना ज्यांना गुणांचे ध्येय दिले, त्यांची कामगिरी खालावली. काम थोडे आत्मसात झाल्यावर दिलेल्या ध्येयाचा मात्र फायदा झाला. शिकण्याच्या काळात ध्येयही शिकण्याचेच असावे लागते. पेटीला नुकताच हात लावणाऱ्याने ‘तीन महिन्यांत दहा गाणी’ असे ठरवले, तर बोटे चुकीची पडूनही गाणी कशीबशी बसतात आणि चुकीची सवय पक्की होते. ‘पाच अलंकार, तीन लयींत, न अडखळता’ हे ध्येय त्याला अधिक योग्य. गाण्यांचा आकडा नंतरही ठरवता येतो.

इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मार्ट’ म्हणून ओळखली जाणारी कसोटी आज शाळांपासून कार्यालयांपर्यंत सगळीकडे शिकवली जाते. ती जॉर्ज डोरन यांनी १९८१मध्ये व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या लेखातून आली. ध्येय नेमके, मोजता येणारे, वास्तवाला धरून आणि मुदतीचे असावे, हे चार मुद्दे सर्वांना ठाऊक असतात. पाचवा मुद्दा मूळ लेखात असा होता, की काम कोणाकडे सोपवले आहे ते ठरलेले असावे. व्यक्तिगत ध्येयाच्या आवृत्त्यांत तो गळून पडला, कारण स्वतःचे ध्येय दुसरे कोण पार पाडणार? प्रत्यक्षात हा प्रश्न घरात फार महत्त्वाचा असतो. दोन लहान मुलांच्या आईने रोज सकाळी सहा ते सात अभ्यास करायचा ठरवला, तर त्या तासात डबा कोण भरणार आणि मुलांना कोण उठवणार, हे काम कोणाच्या तरी नावावर चढल्याशिवाय तिचे ध्येय कागदावरच राहते.

कागदाचाच विषय निघाला आहे, तर एका दंतकथेचा निकाल लावणे बरे. येल विद्यापीठातील १९५३च्या पदवीधरांपैकी फक्त तीन टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सर्वांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, असे अनेक भाषणांत आणि पुस्तकांत सांगितले जाते. काही ठिकाणी येलऐवजी हार्वर्डचे नाव येते. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. विद्यापीठाने शोध घेऊनही त्याचा मागमूस सापडलेला नाही. ध्येय लिहून ठेवण्याला अर्थ आहे, पण पुढे काय लिहिले जाते त्यावर तो अवलंबून असतो.

जवळचा टप्पा

मोठे काम तुकड्यांत वाटून घ्यावे, हे व्यवहारज्ञान जुनेच आहे. ते किती आणि का चालते, हे अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शंक यांनी १९८१च्या एका साध्या प्रयोगात दाखवले. वजाबाकीत फार मागे असलेली आणि गणिताचा कंटाळा करणारी सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी निवडली. मुलांनी स्वतःहून शिकावे अशा रीतीने बेचाळीस पानांचा सराव तयार केला आणि त्यासाठी सात बैठका ठेवल्या. एका गटाला सांगितले: प्रत्येक बैठकीत सहा पाने करायचा प्रयत्न करा. दुसऱ्या गटाला सांगितले: सात बैठका संपेपर्यंत बेचाळीस पाने पूर्ण करायचा प्रयत्न करा. तिसऱ्या गटाला पानांचे काहीच सांगितले नाही.

सहा गुणिले सात म्हणजे बेचाळीसच. दोन्ही गटांचे काम कागदावर सारखे होते. तरीही सहा पानांच्या गटाने झपाट्याने प्रगती केली आणि त्यांची वजाबाकी खरोखर सुधारली. बेचाळीस पानांच्या गटाची स्थिती ध्येय नसलेल्या गटाहून वेगळी निघाली नाही. नंतर हवे ते काम निवडायची मोकळीक दिली, तेव्हा सहा पानांच्या गटातील मुलांनी आपणहून अधिक गणिते सोडवली. ज्या विषयाचा त्यांना कंटाळा होता त्यातच त्यांना रस वाटू लागला होता.

बँड्युरा यांचे स्पष्टीकरण असे: दूरच्या ध्येयाशी तुलना केली की आजचे काम नेहमीच तोकडे दिसते. पहिल्या बैठकीनंतर बेचाळीसपैकी सहा पाने झालेल्या मुलाला छत्तीस बाकी दिसतात. सहापैकी सहा झालेल्याला आपल्याला हे जमते असा पुरावा हाती येतो. ‘आपल्याला जमेल’ ही भावना उपदेशातून क्वचितच निर्माण होते. ती अशा छोट्या पुराव्यांनी साठत जाते. आत्मविश्वास आधी आणि काम नंतर, असा क्रम लावणाऱ्या सल्ल्यांनी हा प्रयोग जरूर विचारात घ्यावा.

टप्पे पाडताना समान भागाकार करण्याचा मोह होतो. वर्षात बारा किलो म्हणजे महिन्याला एक, सहाशे पाने चाळीस दिवसांत म्हणजे रोज पंधरा. सरावाच्या पानांना हे चालते. माणसाच्या शरीराला आणि वर्षाला चालत नाही. याचा मुरलेला नमुना आषाढी वारीत पाहायला मिळतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि एकादशीसाठी पंढरपुरी पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पोहोचण्याची तिथी ठरलेली, त्यात तडजोड नाही. पण टप्पे अजिबात सारखे नाहीत. पुण्यात दोन मुक्काम होतात, मग दिवेघाट चढून सासवड गाठण्याचा तीस किलोमीटरांच्या आसपासचा सर्वांत कसोटीचा दिवस येतो आणि सासवडलाही पुन्हा दोन मुक्काम असतात. म्हणजे सर्वांत अवघड दिवसाच्या दोन्ही बाजूंना विश्रांती ठेवलेली आहे. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे पुढचे मुक्काम त्या मानाने आवाक्यातले. रोजच्या चालीतही न्याहारीचा, जेवणाचा आणि दुपारचा विसावा ठरलेला असतो. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला तर मुक्काम त्याप्रमाणे जुळवून घेतले जातात. वाखरीहून पंढरपूरचा शेवटचा पल्ला लहान आहे. चालणाऱ्यांत शेतकरी असतात, म्हातारी माणसे असतात, आणि कोणीही वर्षभर व्यायामशाळेत तयारी केलेली नसते. मार्गाची आखणीच अशा सर्वांना पंढरपुरापर्यंत नेते.

आधुनिक काळातले याच जातीचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६मध्ये आखलेला, बसल्या जागेवरून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यावर ६० सेकंद हळू धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे आलटून पालटून वीस मिनिटे. पाचव्या आठवड्याच्या शेवटी न थांबता वीस मिनिटे धावायचे असते, नवव्या आठवड्यात तीस मिनिटे. पहिले पाऊल इतके लहान आहे, की न जमण्याचे कारण शोधावे लागते. पाचव्या आठवड्यातली उडी मोठी आहे, पण तोवर चार आठवड्यांचा पुरावा गाठीला असतो.

अशा कार्यक्रमाला तारीख जोडायची असेल तर उलटे मोजावे लागते. समजा, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमधली दहा किलोमीटरची धाव हे ध्येय आहे आणि आज धावण्याचा काहीच सराव नाही. तीस मिनिटे धावण्यापर्यंत नऊ आठवडे. तिथून दहा किलोमीटरपर्यंत आणखी आठ. दिवाळी, सर्दी-ताप आणि कार्यालयातली धावपळ यांसाठी तीन. एकूण वीस. मागे मोजत गेले तर सुरुवात ऑगस्टच्या अखेरीस येते. पण त्याच सुमारास गणपती असतात, आणि पहिल्याच पंधरवड्यात दहा दिवस खंड पडणे परवडणारे नाही. म्हणून सुरुवात ऑगस्टच्या मध्यावर आणावी लागते. ऑक्टोबरात बूट विकत घेणाऱ्याला ही तारीख निघून गेल्याचे कळतच नाही, कारण त्याने पुढे मोजलेले असते, मागे नाही.

वेळेचा अंदाज

टप्पे नीट पडले तरी त्यांना लागणारा वेळ जवळजवळ नेहमीच कमी धरला जातो. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये याला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल ते विचारले गेले. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळेच बिघडले तर किती लागतील, यावर त्यांनी सुमारे ४९ दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. सर्वांत वाईट कल्पनाही वास्तवाच्या अलीकडेच थांबली.

अनुभवी माणसांचेही हेच होते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशासाठी १८७९मध्ये करार झाला तेव्हा काम दहा वर्षांत, चार खंडांत आटोपेल असे धरले होते. पाच वर्षांनी, १८८४मध्ये, पहिला भाग निघाला तेव्हा संपादक जेम्स मरे पहिल्या अक्षराच्या ‘अँट’ या शब्दापर्यंत पोहोचले होते. कोश पुरा झाला १९२८मध्ये, दहा खंडांत. मरे त्याच्या तेरा वर्षे आधीच वारले होते.

याच काळात पुण्यात एक कोशकार्य बऱ्याच वेगळ्या रीतीने तडीस गेले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी मराठीत ज्ञानकोश काढण्याचे ठरवले. पाठीशी विद्यापीठ नाही, संस्थान नाही. त्यांनी कंपनी स्थापून तिचे शेअर विकले, ग्राहक मिळवले, लेखक-सहकाऱ्यांचा संच उभा केला. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड निघाले. त्यातले पहिले पाच प्रस्तावना खंड होते: वर्णानुक्रमाच्या नोंदींआधी स्वतंत्रपणे वाचता येतील असे ग्रंथ. नोंदींचे खंड त्यानंतर आले, आणि पुढे सूचीचा खंड. टप्प्यांच्या दृष्टीने यात ध्यानात घेण्याजोगे आहे ते हे, की प्रत्येक टप्पा स्वतःच्या पायावर उभा होता. पाचव्या खंडावर काम थांबले असते तरी ग्राहकाच्या हाती पाच पुस्तके राहिली असती. लांब पल्ल्याच्या व्यक्तिगत ध्येयातही असे टप्पे निवडता येतात. पाच वर्षांची पदवी घेणाऱ्यासाठी पहिल्या वर्षाअखेरचे प्रमाणपत्र, जपानी शिकणाऱ्यासाठी सर्वांत खालच्या पातळीची परीक्षा, कादंबरी लिहिणाऱ्यासाठी तिच्यातून सुटी होऊ शकणारी एक कथा. टप्पा हा नुसता मैलाचा दगड असेल, तर अर्ध्यावर थांबणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

अंदाज सुधारण्याचा उपाय रुक्ष आहे. या कामाला किती वेळ लागेल, असे विचारू नये. अशाच मागच्या कामाला किती लागला होता, ते पाहावे. मागचा कोर्स चार महिन्यांऐवजी सात महिने चालला असेल, तर पुढचाही तसाच चालेल असे धरावे. या वेळी गोष्ट वेगळी आहे, असे मन सांगते. मागच्या वेळीही त्याने तेच सांगितले होते.

कधी आणि कुठे

टप्पे पडले, मुदत ठरली, तरी मंगळवारची संध्याकाळ येते आणि जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांचे संशोधन नेमके या मंगळवारविषयी आहे. ध्येय ठरवणे आणि ते अमुक वेळी, अमुक जागी, अमुक रीतीने करायचे असे ठरवणे, या त्यांच्या मते दोन वेगळ्या क्रिया आहेत. १९९७च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवसाबद्दलचे टिपण दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितले होते. सुट्टीत असे काम कोण करतो? तरी कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी नोंदवले होते त्यांच्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी ते वेळेत पाठवले. इतरांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी.

ब्रिटनमधील २००२चा व्यायामावरचा अभ्यास याहून बोलका आहे. पुढच्या आठवड्यात किमान एकदा वीस मिनिटे जोरकस व्यायाम करायचा, एवढेच उद्दिष्ट. काहीच न सांगितलेल्या गटातील ३८ टक्के लोकांनी तो केला. हृदयविकाराच्या धोक्याची माहिती वाचायला दिलेल्या गटात ३५ टक्के. तीच माहिती वाचून शिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहून दिलेल्या गटात ९१ टक्के. माहितीने इच्छा वाढली होती, कृती नाही. आरोग्यावरची व्याख्याने ऐकून भारावलेले श्रोते दुसऱ्या दिवशी का चालायला जात नाहीत, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

या संकल्पाची रचना ‘असे झाले की तसे करायचे’ अशी असते. बदलापूरहून लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या परीक्षार्थीसाठी ती अशी होऊ शकते: गाडीत बसायला जागा मिळाली की कल्याण येईपर्यंत चालू घडामोडींची टिपणे वाचायची. जागा मिळाली नाही, तर कानात रेकॉर्ड केलेली उजळणी लावायची. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण गर्दीच्या वेळी जागा मिळत नाही हाच नेहमीचा अनुभव. गाब्रिएले ओटिंगेन यांनी अडथळ्यांच्या या बाजूवर काम केले आहे. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सामील झालेल्या स्त्रियांमध्ये, बारीक झाल्यावरची गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन तुलनेने कमी उतरले, असे त्यांच्या १९९१च्या अभ्यासात दिसले. आपल्याला यश येईल अशी अपेक्षा असणे मात्र उपयोगी ठरले होते. यशाचे चित्र पाहून झाल्यावर त्याच्या आड येणारी एक ठळक अडचण शोधायची आणि तिच्यासाठी वाक्य तयार ठेवायचे, अशी रीत ओटिंगेन सुचवतात. भिंतीवर स्वप्नांचे फलक लावण्याच्या सध्याच्या फॅशनला या संशोधनाचा पाठिंबा नाही.

पैशाच्या ध्येयांत ही रचना फार सोपी होते, कारण पैसा माणसाला न विचारता हलवता येतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतील एका कंपनीत, आज बचत वाढवायला तयार नसलेल्या कर्मचाऱ्यांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला: पुढची पगारवाढ झाली की तिच्यातला काही भाग आपोआप बचतीत जाईल. बहुसंख्यांनी तो स्वीकारला, आणि चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारी रक्कम कधीच घटली नाही, म्हणून बचत बोचली नाही. महाराष्ट्रातल्या भिशीत आणि महिला बचत गटांत हेच वेगळ्या वाटेने साधते. तिथे यंत्रणेऐवजी माणसे असतात. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम द्यायची असते आणि न देणारी बाई चारचौघींत उघडी पडते.

नोंद, खंड आणि फेरविचार

प्रगतीची नोंद ठेवणे कंटाळवाणे असते, म्हणून सर्वांत आधी तीच सुटते. २०१६मध्ये १३८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. प्रगतीवर लक्ष ठेवणाऱ्या लोकांनी ध्येय गाठण्याची शक्यता अधिक, आणि नोंद प्रत्यक्ष लिहिली किंवा इतरांना दाखवली तर परिणाम वाढतो, असे त्यात आढळले. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करून पहाटे लिहीत असे. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, हे त्याचे माप. रोजच्या पानांची नोंद तो वहीत करी, आणि रिकामा गेलेला दिवसही त्या वहीत तसाच दिसे. सत्तेचाळीस कादंबऱ्या त्याने या रीतीने लिहिल्या. आत्मचरित्रात त्याने हे उघड सांगितले, तेव्हा काही समीक्षकांना ते फार कारकुनी वाटले.

नोंद कशाची ठेवायची, हे ठरवताना कृती आणि फळ वेगळे करावे. वजनकाट्यावरचा आकडा पाण्यामुळेही रोज वरखाली होतो. तो आठवड्यातून एकदा पाहणे पुरे. रात्रीचे जेवण आठच्या आत झाले का, ही नोंद रोज करता येते आणि ती पूर्णपणे आपल्या हातात असते.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हा समज अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातील एका निरीक्षणावरून पसरला. ते निरीक्षण शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या रूपाची सवय होण्याबद्दल होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या कृती बारा आठवडे तपासल्या. कृती आपोआप होऊ लागायला लागणारा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला; मध्यक ६६ दिवस. वरचे टोक अभ्यासाच्या मुदतीपलीकडे गणिताने काढलेले आहे, म्हणून त्यावर फार विसंबू नये. जेवताना पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय फरक पडला नाही, हा निष्कर्ष आकड्यांपेक्षा अधिक कामाचा आहे.

कारण खरे नुकसान चुकलेल्या दिवसाने होत नाही, त्यानंतरच्या विचाराने होते. जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी आहार पाळणाऱ्यांमध्ये हे पाहिले: पथ्य मोडले असे वाटताच ती माणसे पथ्य नसलेल्यांपेक्षाही जास्त खात. एक गुलाबजाम झाला, आता आजचा दिवस गेलाच, मग तीन का नकोत? याला उतारा म्हणजे खंडाची तरतूद आधीच करून ठेवणे. आठवड्यातून सात दिवस व्यायाम ठरवणाऱ्याचे ध्येय पहिल्या बुधवारी मोडते. पाच दिवस ठरवणाऱ्याकडे दोन दिवस शिल्लक असतात.

दर महिन्याला किंवा तिमाहीला टप्पे पुन्हा तपासावे लागतात. तेव्हा तीन गोष्टी बदलता येतात: मुदत, टप्प्याचा आकार, किंवा ध्येयच. सलग तीन आठवडे टप्पा चुकत असेल, तर तो बहुधा मोठा आहे आणि निम्मा केलेला बरा. टप्पे पूर्ण होऊनही फळ दिसत नसेल, तर चुकीची गोष्ट मोजली जात असण्याचा संभव जास्त. रोज आठ तास अभ्यासिकेत बसण्याचे ध्येय काटेकोर पाळूनही सराव परीक्षेतील गुण हलत नसतील, तर तास मोजणे थांबवून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका मोजाव्या लागतील.

ध्येय सोडून देणे हा पर्याय सल्ल्याच्या पुस्तकांत क्वचित येतो. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या हजारो तरुणांसाठी मात्र तो फार खरा आहे. जागा मोजक्या, उमेदवार लाखोंनी आणि वयोमर्यादा जवळ येत चाललेली. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३मधील अभ्यासानुसार अप्राप्य ध्येय सोडता येणाऱ्या आणि दुसरे ध्येय धरता येणाऱ्या माणसांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने बरे असते. दोन्ही गोष्टी लागतात; नुसते सोडणे पुरत नाही. सोडण्याचा निर्णय निकालाच्या रात्री घेण्यापेक्षा, किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत, हे तयारीला सुरुवात करतानाच लिहून ठेवणे आणि तोवर दुसऱ्या वाटेचे एखादे पाऊल, म्हणजे एखादी पदविका किंवा अर्धवेळ नोकरी, चालू ठेवणे अधिक सुरक्षित. अशी मर्यादा घरच्यांनाही आधीच सांगून ठेवली, तर दर वर्षी निकालानंतर तोच वाद नव्याने घालावा लागत नाही.